ओलं फडकं

दि. ३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोन करणार होतो, पण फोनवर तू रडशील आणि मी ओरडेन, म्हणून कागद घेतला. तुमच्या प्रार्थनाघरातल्या रक्तदान शिबिराची पेटी आज आमच्या रक्तपेढीत आली. एकसष्ट पिशव्या! मी खूश होतो. बसड्रायव्हरची चिमणी दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला येते, हे तुला सांगितलं होतं ना? सात वर्षांची पोर, आणि गट तुझाच, इतका दुर्मीळ की आमचा फ्रीज त्या बाबतीत बहुतेक रिकामा. अठरा तारखेला ती यायची आहे. तुमच्याकडून त्या गटाच्या दोन पिशव्या येणार म्हणून मी निर्धास्त होतो.

पेटी उघडली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. प्रत्येक पिशवीवर, आमच्या नंबराच्या चिठ्ठीवरच, आणखी एक गोल चिठ्ठी. ‘फक्त आपल्या माणसांसाठी’. एकसष्ट वेळा! चिमणी नदीपलीकडची, म्हणजे तुमच्या लेखी आपली नव्हेच. आणि अक्षर कोणाचं? माझ्या लहानपणी ‘साखर’, ‘मीठ’ अशा डब्यांवरच्या चिठ्ठ्या ज्या अक्षरात असायच्या, त्याच गोल गोल अक्षरात. शिसारी आली गं. रोज लोकांचं रक्त, लघवी, पू बघणारा मी, कधी मळमळलं नाही. आज जेवणाचा डबा तसाच परत आणला.

अठरा वर्षं हे काम करतोय. पिशवीला डोळा लावून बघितलं तरी आतलं रक्त कुठल्या देवाचं ते दिसत नाही. हे धर्माचं खूळ माणसाच्या डोक्यात शिरलंच नसतं तर माणसाचं भलं झालं असतं, असं मी म्हणतो तेव्हा तू हसतेस. आता हस. त्या चिठ्ठ्या मी नखांनी खरवडायला घेतल्या. चौदा झाल्या तेव्हा आमच्या मोठ्या बाई, विभागप्रमुख, धावत आल्या आणि मला दंडाला धरून बाहेर बसवलं. अजून नखांत कागद आहे, आणि तो बघून बरं वाटतंय.

उत्तर लिही. रागावलोय, तरी तुझाच,
ठोंब्या


दि. ६

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

हो बाबा, अक्षर माझंच. नाकारून जाऊ कुठे? आमच्या प्रार्थनाघराच्या अध्यक्षांनी शिबिराच्या आदल्या दिवशी सभेत सांगितलं की आपलं रक्त भलत्यासलत्यांच्या अंगात जाणार असेल तर एकानेही खाटेवर आडवं व्हायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा पाय मोडला होता तेव्हा महिनाभर जिने मला आंघोळ घातली, तिनेसुद्धा. उठून बोलायला हवं होतं. नाही बोलले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, एकट्या बाईला, त्या चार भिंतींखेरीज कोण आहे ते तूच सांग. तू वर्षातून दोनदा येतोस, तोही मोबाईलात डोकं घालून.

मग मी म्हटलं, चिठ्ठ्या मीच लिहिते आणि मीच चिकटवते. प्लास्टिकवर खळ धरेना, म्हणून तुमच्या कागदावर लावल्या. खळ मुद्दाम पाण्यासारखी पातळ केली. म्हटलं, रक्त एकदा तिथे पोचू दे, माझा भाचा बसलाय, ओलं फडकं फिरवेल की झालं. तुला फोन करून सांगायचं होतं, पण अध्यक्षांची बायको दिवसभर मांडीला मांडी लावून बसलेली. नंतर वाटलं, एवढं तर त्याला सुचेलच.

आणि तुझ्या त्या भलं होण्याबद्दल. तुमच्या देव न मानणाऱ्या वाचनमंडळाने तीन वर्षांत किती पिशव्या दिल्या? तूच सांगितलं होतंस, चार, त्यांतल्या दोन तुझ्या. इथे एकसष्ट जणांनी बाह्या वर केल्या. घाण आहे रे, मला वास येतो. पण बाह्याही त्यांच्याच.

तू ओलं फडकंच फिरवलंस ना? नखांनी खरवडल्याचं लिहिलंयस, म्हणून जीव खालीवर होतोय. वेळेवर जेव.

माया कमी न झालेली,
आत्या


दि. ९

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शेण खाल्लं मी. तुझ्या चिठ्ठीबरोबर आमची चिठ्ठीही निघून आली. नंबर गेला की ती पिशवी कोणाची, कुठल्या गटाची, काही सांगता येत नाही, आणि अशी पिशवी कोणाला लावायची नाही हा नियम मीच नवीन लोकांना शिकवतो. चौदाच्या चौदा फेकाव्या लागल्या. उरलेल्या सत्तेचाळीस मोठ्या बाईंनी ओल्या कापसाने पुसल्या. एकेक चिठ्ठी बोट लावताच घसरली. मी बघत उभा होतो.

सगळ्यांत वाईट पुढेच आहे. खरवडायला बसलो तेव्हा यादीत बघून चिमणीच्या गटाच्या दोन पिशव्या मी आधी काढल्या होत्या. निदान तिच्या पिशवीवर तरी ती घाण नको म्हणून. त्यातली एक तुझी. तुझं रक्त मी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं, आत्या. अध्यक्षांनी नुसती चिठ्ठी लावायला सांगितली. चिमणीचं रक्त मी सांडलं.

आजूबाजूच्या सगळ्या पेढ्यांत विचारून झालं, कुठेही नाही. तू आणि त्या दुसऱ्या पिशवीचा दाता, दोघांनाही पुढचे तीन-चार महिने देता येणार नाही, माझा गट जुळत नाही. चिमणीच्या बापाचा काल फोन आला, पोरगी जिना चढताना दोनदा बसते म्हणाला. मी त्याला होईल काहीतरी म्हटलं आणि माझीच मला किळस आली.

माफ कर म्हणायलाही तोंड नाही.
ठोंब्या


दि. १२

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

रडून झालं असेल तर डोळे पूस आणि नीट वाच. प्रार्थनाघराच्या वहीत सगळ्यांचे रक्तगट मीच लिहिलेत. शिबिरात दिलेले आम्ही दोघं सोडून माझ्या गटाचा गावात अजून एकच माणूस आहे. अध्यक्ष! शिबिरात तासभर भाषण ठोकलं, दुसऱ्यांच्या बाह्या मोजल्या आणि सुई दिसल्यावर गरगरतंय म्हणून घरी गेले.

काल त्यांच्या फरशांच्या दुकानात गेले. म्हटलं, एक तर रक्त द्या, नाहीतर प्रार्थनेनंतर मी उठून सगळ्यांना सांगते की तुम्ही दिलंच नाही. बराच वेळ मला बाईमाणसाने कसं वागावं ते शिकवलं. मग तयार झाले, पण पिशवीवर चिठ्ठी हवीच म्हणाले. लिहून दिली. एवढं देखणं अक्षर मी जन्मात काढलेलं नाही. खळही भरपूर दिली बरोबर, डबीतून, तशीच पातळ.

पंधराला येतायत. तुझ्या तोंडाचा पट्टा बंद ठेव. वाद घालायचा नाही, आभार मानायचे. तुला जमणार नाही हे मला माहीत आहे, तरी जमव. फडकं ओलं करून ठेव.

दुकानातली गोष्ट मात्र गावभर झाली. आज प्रार्थनेला माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. सहा जणांचा बाक, मी एकटी. आंघोळ घालणारी पलीकडच्या बाकावर दाटीवाटीने बसली. पाय पसरता आले म्हणायचं.

तुझी,
आत्या


दि. १९

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आले होते. बायकोचा हात धरून, डोळे मिटून, देवाचं नाव पुटपुटत आडवे झाले. घामाने भिजले, तेव्हा दुसरा हात मीच धरला. नाइलाज होता. उठल्यावर चिठ्ठी स्वतः चिकटवली, अंगठ्याने तीनदा दाबली. मी आभार मानले. दातओठ खात, पण मानले. ते दाराबाहेर पडले आणि मी फडकं फिरवलं.

काल चिमणीला रक्त चढलं. दुपारपर्यंत सिस्टरला वेडावून दाखवत होती. जाताना जिना एका दमात उतरली, बाप मागून ओरडत होता.

आज अध्यक्षांचा फोन. रक्त आपल्याच माणसाला गेलं ना, याची खात्री हवी होती. नाव सांगता येत नाही म्हटलं तर चिठ्ठीचं काय झालं ते विचारायला लागले. वाद घातला असता तर पुढचं शिबिर गेलं असतं. हो, आपल्याच माणसाला गेलं, म्हणालो. मग बेसिनवर जाऊन दोनदा चूळ भरली.

धर्म नसता तर माणसाचं भलं झालं असतं, हे माझं मत होतं तिथेच आहे. फक्त आता ते म्हणायला गेलं की स्वतःची नखं दिसतात.

पुढच्या प्रार्थनेच्या दिवशी पहिल्या गाडीने येतोय. मोबाईल बंद ठेवीन. तुझ्या देवाशी मला काही बोलायचं नाही, तोंड उघडणार नाही. नुसता तुझ्या बाकावर बसेन, तुझ्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा.

जागा धरून ठेव.
तुझा,
ठोंब्या