परत दिलेल्या काचा

४ जून
आज सगळ्यांदेखत साहेबाने माझी काच कचऱ्याच्या डब्यात टाकली! "हा काप आहे की फाटका पंचा? सुरीला धार लावायची की नाम घेत बसायचं, ते एकदा ठरव." सगळे हसले. साहेब माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी त्याला अहो-जाहो, तो मला अरे-तुरे.
पंचवीस वर्षं यकृताचे काप काढतोय. मेणात बसवलेला तुकडा, केसाहून पातळ काप, कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर अलगद उचलायचा, मग व्रण निळा दिसेल असा रंगवायचा. उचलताना नाम घेतो. हात स्थिर राहतो. कुणाचं काय जातं त्यात?

५ जून
पूजेतसुद्धा त्याचाच चेहरा समोर.

९ जून
विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. यकृताच्या नव्या अभ्यासातल्या काचा साहेब सूक्ष्मदर्शकाखाली वाचणार. व्रण किती पसरलाय त्याला शून्य ते चार अंक — शून्य म्हणजे निरोगी, चार म्हणजे यकृताचा दगड झाला. काचेवर नाव नसतं, फक्त नंबर. नावांची वही बाईंच्या कपाटात, कुलपात, अभ्यास संपेपर्यंत. निरोगी नमुनेही हवेत, म्हणून पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन करताना, माणसाच्या संमतीने, यकृताचा कणभर तुकडाही घेतात. तेही यातच मिसळलेले. कुठला कोणता, मलाही ठाऊक नाही.
माझं काम वेगळं. साहेबाचा डोळा तपासायचा. प्रत्येक पेटीत दहा जुन्याच काचा नवा नंबर चिकटवून परत द्यायच्या. कोणत्या दहा, ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. दहातल्या आठांना पहिलाच अंक आला पाहिजे. दोन पेट्यांत आला नाही तर साहेब अभ्यासातून बाहेर.
"तुम्ही सरळ माणूस, म्हणून तुमच्यावर सोपवते," बाई म्हणाल्या.
आतून उकळी फुटली! चेहरा मात्र सरळ ठेवला.

१६ जून
पहिली पेटी वाचून झाली. हिच्यात जुन्या काचा नाहीत, सगळ्याच नव्या. वाचताना बिस्किटं, चहात चार चमचे साखर, आणि तोंडाचा पट्टा. गेल्या वर्षी याच्या पित्ताशयात खडे झाले होते तेव्हा आठ दिवस रजेवर होता. काय शांत होता विभाग!

१७ जून
चिठ्ठ्या केल्याच नाहीत.
दारं लावून काचा एकेक करून पाहिल्या. धड दोन म्हणता येत नाही, धड तीन म्हणता येत नाही, अशा दहा वेचून काढल्या. एकेचाळीस नंबर तर हमखास — इवलासा तुकडा, एका कडेला मोडलेला. कुणीही चुकेल. तिला नवा नंबर दिला, एकशे बारा.
गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, तराजूला हात लावायचा नाही. आज लावला. लिहून ठेवतो, लपवत नाही. निदान या वहीपासून.

२५ जून
सात जुळल्या! आठ हव्या होत्या.
एकशे बाराला मात्र पुन्हा तीनच दिले. मेला तिथे घसरला नाही.

२६ जून
बायको म्हणाली, "जेवताना तरी त्या साहेबाला उंबऱ्याबाहेर ठेवा. सवत परवडली, ती निदान गप्प बसली असती." हसू आलं, पण ताट तसंच सारून उठलो.
संध्याकाळी हात जोडले आणि मागितलं — देवा, साहेबाला चुकू दे. तीस वर्षांत देवाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे!

८ जुलै
पुढच्या पेटीतही निवडूनच दिल्या. एकेचाळीस पुन्हा घातली. आता एकशे एकाहत्तर.

१५ जुलै
आज शेजारी उभा होतो. एकशे एकाहत्तरवर तो थांबला. बिस्कीट हातातच.
"या माणसाला कुणी सांगितलंय का रे?"
"कुणाला, साहेब?"
"ज्याचं हे यकृत आहे त्याला. बाहेरून धडधाकट असणार. पोट सुटलेलं, गोडावर जीव. आत बघ, व्रणाचं जाळं झालंय नुसतं. अजून सावरता येईल, पण असल्या गाढवाला वेळेत गाठून कानाखाली वाजवली पाहिजे."
मग माझ्याकडे न बघताच, "काप चांगला आलाय. बघतोस काय, लिही — तीन."
काप चांगला आलाय म्हणे! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, आता गोड बोलून काही उपयोग नाही.

२० जुलै
सहाच जुळल्या! संपला. जुळलेल्या अंकांचा तक्ता स्वच्छ अक्षरात लिहून बाईंच्या टेबलावर ठेवला. घरी येताना पाय हलके.

२३ जुलै
बाईंनी दार लावून घेतलं. टेबलावर नावांची वही उघडी.
"साहेबांना काढायचं म्हणजे सगळं तपासून बघावं लागतं, म्हणून कुलूप उघडलं. एकेचाळीसची काच पुन्हा पुन्हा कशी आली हो? चिठ्ठ्या टाकल्या होत्या ना?"
मी जमिनीकडे पाहिलं.
"तुमचं काय करायचं ते नंतर बघू. आधी हे बघा."
वही माझ्याकडे फिरवली. एकेचाळीस. पित्ताशयाचं ऑपरेशन, गेलं वर्ष. गट — निरोगी. त्यापुढे नाव.
साहेबांचं.
"त्यांनीच सही करून दिलाय तुकडा. म्हणाले होते, माझं यकृत घ्या, नमुनेदार आहे." बाईंनी वहीवर बोट ठेवलं. "तीनदा वाचलं त्यांनी. तीनदा तीन."
जाळं दिसत होतं डोळ्यांसमोर, निळं. मीच रंगवलेलं.

२४ जुलै
बाई दुपारी सांगणार आहेत. सकाळी साहेब चहात साखर घालत होते. चौथ्या चमच्याला मी बरणी उचलून घेतली. "काय रे, वेड लागलं का तुला?" म्हणाले. मी बरणीचं झाकण घट्ट लावलं.
पूजेत पुन्हा तेच मागितलं — देवा, साहेबांना चुकू दे.