एन्नोरला जातोय

तीन वर्षांपूर्वी देविकाने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून अनंतरावांनी लेकीचं नाव घेतलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ते बायकोबरोबर टीव्हीवर एक स्पॅनिश मालिका बघत बसले होते. जुन्या चित्रकथेवरून केलेली. शहरावर विषारी बर्फ पडतं, आणि एक बाप तोंडाला मुखवटा बांधून लेकीला शोधायला बाहेर पडतो.

“निघाला तरी बिचारा,” हेमलताबाई एवढंच म्हणाल्या.

सकाळी त्या देवळात गेल्या, तेव्हा आवडी गावातल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये अनंतरावांनी फ्रिजवर चिठ्ठी लावली:

“हेमा, एन्नोरला देविकाकडे जातोय. दूध तापवून ठेवलंय. पत्ता तुझ्या वहीतून घेतला. देवळातून येताना तू तिला फोन करतेस, हे मला ठाऊक आहे. मीही रोज तिची वाट बघत होतो, बोललो नाही इतकंच. एकट्याने तिचं दार वाजवायचा धीर होत नाही. नऊच्या गाडीपर्यंत स्टेशनवर थांबतो. – अनंत”

नऊला पाच मिनिटं असताना हेमलताबाई धापा टाकत फलाटावर आल्या.

“चष्मा विसरलात,” त्या म्हणाल्या. “तिला नीट बघायचं नाही का?”