अधिक महिन्यातला फोन

जठारपेठ, अकोला
रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

चि. अलीझा,

आशीर्वाद पाठवतो आहे. घ्यायचा की नाही, ते पत्र वाचून झाल्यावर ठरव.

इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. थंडी ओसरली. जठारपेठेतला रस्ता पुन्हा खोदून ठेवलाय, त्यामुळे रिक्षा आत येत नाही आणि तुझ्या काकूला दवाखान्यात न्यायचं म्हणजे कोपऱ्यापर्यंत पायी चालवावं लागतं. तिचे गुडघे तू बघितले होतेस तसेच आहेत. डॉक्टर म्हणतो वजन कमी करा. आता वजन कुठं राहिलंय तिचं?

मी रोज सकाळी बसस्टँडवर जाऊन बसतो. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी पाय तिकडंच वळतात. चौतीस वर्षं तिथं कंट्रोलर होतो, लोक अजून मलाच येऊन विचारतात, धारणीची गाडी किती वाजता, अमरावतीची कोणत्या फलाटावर. मी सांगतो. कोणी विचारलं की सांगून मोकळं व्हायचं, ही माझी सवय तुला माहीत आहे. आचल त्यावरून मला चिडवायची. म्हणायची, बाबांना चोरानं जरी विचारलं ना, की बँक कुठं आहे, तर हे त्याला दारापर्यंत सोडून येतील.

पत्र मराठीत लिहितोय. शाळेत तुझे निबंध आचलपेक्षा चांगले असायचे, आणि ती ते वाचून घरी येऊन रुसायची. फोनवर हे बोलायचा मी चारदा प्रयत्न केला. तू उचललास आणि मी काकूच्या गुडघ्यांबद्दल बोललो.

गेल्या गुरुवारी तिकडच्या पोलिसांतल्या हेलन मॅडमचा व्हिडिओ कॉल झाला. एक गुरुवार सोडून एक, बरोबर चार वाजता त्या येतातच. मी फोन चहा-साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतो, काकू पदर सावरून शेजारी बसते. दुसऱ्या चौकटीत त्या दुभाषी बाई. पुण्याकडच्या आहेत, काकू 'सांगतलं' म्हणाली की एक क्षण अडखळतात.

पोलीस मी पुष्कळ पाहिले. स्टँडवर रोजच काही ना काही व्हायचं आणि तिथल्या चौकीत बाहेर ऐकू जाईल असा आवाज चढायचा. या बाई आवाज चढवत नाहीत. तोच प्रश्न सहा महिन्यांनी पुन्हा विचारतात, तितक्याच सावकाश, आणि उत्तर दिलं की आभार मानतात. आपलं बोलणं आपल्यालाच वाचून दाखवतात आणि विचारतात, यात काही बदलायचं आहे का? खरं सांगू, त्या ओरडल्या असत्या ना, तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या माणसापुढं खोटं बोलताना काही वाटत नाही.

आणि त्यांचं काम बघ. आमच्या जावयाचा, कुलदीपचा, त्या दिवसाचा पूर्ण चार्ट त्यांनी लावलाय. लेस्टरहून कोणती गाडी पकडली, कुठं बदलली, कॉव्हेंट्रीला किती वाजून किती मिनिटांनी उतरला, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी कोणत्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसला. मी आयुष्यभर गाड्यांच्या नोंदी ठेवल्या, पण इतकी चोख नोंद माझ्या हातून कधी झाली नाही. चार्टमध्ये एकच जागा रिकामी आहे. तुझं घर त्याला कसं सापडलं?

तो म्हणतो, आचलनंच पत्ता दिला, तिनंच बोलावलं, मग बोलता बोलता भांडण झालं आणि त्याला काही सुचेनासं झालं. एप्रिलमध्ये कोर्टात तेच सांगणार आहे. मॅडम म्हणाल्या, तसं असेल तर गोष्ट एक होते. त्यानं पत्ता आधीच कुठून तरी काढून ठेवला असेल आणि ठरवून आला असेल, तर गोष्ट दुसरी होते. त्या असंही म्हणाल्या की त्याचा वकील तुला उभं करून विचारेल. तू कोणाला सांगितलं होतंस? तुझ्या आईला सांगितलं होतंस ना? आईनं कोणाला?

तू आईशी बोलत नाहीस हे मला ऑक्टोबरपासून माहीत आहे. तूच मला व्हॉइस मेसेज पाठवला होतास, "काका, पत्ता फक्त अम्मीला माहीत होता. ती दुकानात कोणाकडं बोलली असेल का हो?" तो मेसेज मी खूपदा ऐकला. उत्तर लिहिलं, 'बेटा, जाऊ दे आता.'

तुझ्या अम्मीचं, रजियाबींचं फॉल-पिकोचं दुकान अकराला उघडतं. मी त्या वेळी पलीकडच्या बाजूनं जातो. गेल्या ऑगस्टमध्ये, आचल गेल्याची बातमी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या होत्या. ओटीवर पाहुणे बसले होते. त्यातला एक जण त्यांना ऐकू जाईल असं बोलला, "हिच्याच पोरीकडं होती ना ते? मंग पत्ता दुसरं कोण सांगन?" रजियाबी उंबऱ्याशीच थांबल्या आणि माझ्याकडं पाहिलं. मी खाली सतरंजीकडं पाहत राहिलो. त्या चपला घालून निघून गेल्या.

आता लिहितो.

पत्ता रजियाबींनी सांगितला नाही. तू सांगितला नाहीस, आचलनं सांगितला नाही. पत्ता मी सांगितला.

जुलैमध्ये ती त्याचं घर सोडून तुझ्याकडं आली तेव्हा पत्ता मला द्यायला तयार नव्हती. अधिक महिना लागला, काकूनं अनारसे केले आणि म्हणाली, पोरीलाही पाठवू, तिच्या थायरॉइडच्या गोळ्याही पाठवू. पार्सलवर लिहायला म्हणून आचलनं पत्ता दिला आणि तीनदा बजावलं, "बाबा, कोणालाच नाही. अगदी कोणालाच." मी तो कागदावर उतरवून कॅलेंडरच्या मागं खोचून ठेवला.

सहा ऑगस्ट, रविवारी कुलदीपचा फोन आला. मी उचलायला नको होता, पण उचलला. रडत होता. म्हणाला, "मामाजी, अधिक महिना आहे. जवायाले वाण देता ना तुमी? मले अनारसे नको, चांदीचं ताट नको. मले फक्त तिचा पत्ता द्या. तिच्या पाया पडतो अन् घेऊन येतो."

तुला ही पद्धत माहीत आहे. लहानपणी आमच्याकडच्या धोंड्याच्या जेवणाला तू दोनदा पंगतीत बसली आहेस. या महिन्यात जावयाला नारायण म्हणतात, त्याला काही नाही म्हणायचं नसतं. ही सबब म्हणून सांगत नाही. माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं ते सांगतो. तिनं मे महिन्यात मला सांगितलं होतं की त्यानं गळा धरला होता. आणि मी तिला म्हणालो होतो, राग आला असेल, सांभाळून घे. तेव्हापासून मला असं झालं होतं की कसंतरी हे पुन्हा जुळावं, म्हणजे माझं ते बोलणं चुकीचं ठरणार नाही. तो रडला तसं मला बरं वाटलं, अलीझा. मी कॅलेंडरमागचा कागद काढला आणि वाचून दाखवला. घर नंबर, गल्ली, तो त्यांचा अक्षरं-आकड्यांचा पिनकोड. त्याला नीट लिहिता यावं म्हणून दोनदा वाचला.

त्या फोनची नोंद हेलन मॅडमना मिळालीच होती. अकरा मिनिटं. सप्टेंबरमध्येच त्यांनी विचारलं, काय बोलणं झालं? मी म्हणालो, अधिक महिन्याचं बोललो, अनारशांचं बोललो. त्या दुभाषी बाईंनी बिचारीनं त्यांना तीन वर्षांतून एकदा येणारा महिना, तेहतीस अनारसे, जावयाचा मान, सगळं समजावून सांगितलं. मॅडमनी ते मन लावून लिहून घेतलं. मग वाचून दाखवलं आणि विचारलं, यात काही बदलायचं आहे का? मी म्हणालो, नाही.

गेल्या सोमवारी कुलदीपचे वडील अमरावतीहून आले. वामनराव. नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात फोरमन होते, थकलेत आता. काकू देवळात गेली होती. पाणी प्याले आणि म्हणाले, "इवाई, तुमची पोरगी गेली, माहं पोरगं गेल्यातच जमा हाय. एक तरी वाचू द्या. तुमी काईच बोलू नका, बस."

मी म्हटलं, मी काय बोलणार?

"पत्ता तुमीच देला होता, हे कुलदीपनं मले सांगतलं. आमी कोणाले सांगून नाई राहिलो. तुमची अब्रू आमी झाकली, आमचं पोरगं तुमी झाका."

मला त्यांचा राग आला नाही. तेही बापच आहेत. पण ते गेल्यावर मी विचार केला की ज्या माणसानं माझ्या पोरीचा जीव घेतला, त्याचं आणि माझं एकच गुपित आहे, आणि आम्ही दोघं ते सहा महिने मिळून सांभाळतोय. गुरुवारी मॅडमना सांगायचंच असं ठरवलं. काकू शेजारी बसली होती. तोंड उघडलं नाही.

आज सकाळी काकूला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं गॅस बंद केला. मला वाटलं रडेल, नाहीतर अंगावर येईल. तिनं एवढंच विचारलं, "अन् हे माहीत असून तुमी रजियाबीले दारातून वापस जाऊ देलं?"

तिनं पिठाचे हात पुसले. ती म्हणाली, "उठा. चप्पल घाला."

खोदलेल्या रस्त्यावरून तिला धरून धरून नेलं. दुकानात रजियाबी मशीनवर होत्या. सांगताना मी उभाच होतो. त्यांनी मशीन थांबवलं नाही, पिकोची ती साडी संपेपर्यंत चालवत राहिल्या. मग दोरा तोडला आणि म्हणाल्या, "भाईसाब, चार महिने हुए, मेरी बेटी ने मेरेकू अम्मी नहीं बोला. उसका फोन आना बंद हुआ तो मैं अल्ला से पूछती रही, मेरे मुँह से कब निकला होयेंगा. मेरेकू खुदपेच शक होने लगा था." नंतर काकूला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि मला म्हणाल्या, "पयले उसकू बताओ. मेरे से माफी बाद में मांगना."

म्हणून हे पत्र. पानांचे फोटो आत्ताच तुला व्हॉट्सॲपवर पाठवतोय. मूळ कागद उद्या स्पीड पोस्टानं टाकतो. ते हेलन मॅडमना दे. पुढचा त्यांचा कॉल बावीस तारखेला आहे, पण मी तोपर्यंत थांबणार नाही. उद्याच त्यांच्या नंबरवर फोन करून सांगतो की मला माझ्या जबाबात बदल करायचा आहे. कोर्टात बोलायला बोलावलं तर येतो, पडद्यावरून बोला म्हणाले तर तसं बोलतो.

एक राहिलं. हे मी काकूला सांगितलं नाही आणि रजियाबींनाही नाही. पत्ता दोनदा वाचायला दोन मिनिटं लागतात. फोन अकरा मिनिटांचा होता, आणि हेलन मॅडम काही झालं तरी उरलेल्या नऊ मिनिटांचं विचारणार. तुला ते कोर्टात कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

तो म्हणाला, "मामाजी, अलीझासमोर माफी मागायले लाज वाटते. ते घरी नसन तवा जातो." मी म्हटलं, बुधवारी जा. बुधवारी तिची दवाखान्यात सात ते सात ड्युटी असते, आचल एकटीच असते.

मला हे ठाऊक होतं कारण बुधवार आमचा होता. तू ड्युटीवर गेलीस की तिला घर खायला उठायचं, म्हणून तिनंच सांगितलं होतं, बाबा, बुधवारी दुपारी तुम्ही फोन करत जा. तुमच्याकडची दुपार म्हणजे इथं अकोल्यात संध्याकाळ. मी चहा घेऊन बसायचो आणि तिला लावायचो. तू ये-जा करत असायचीस तेव्हा ती नीट बोलायची नाही, बुधवारी बोलायची.

नऊ ऑगस्टच्या बुधवारी मी फोन केला नाही. हातात घेतला होता. मग म्हटलं, तो पोचला असेल, दोघं बोलत असतील, आपण मधे कशाला? आणि खाली ठेवला. मी त्या दिवशी समाधानानं जेवलो, अलीझा.

तू विसरली नव्हतीस. दार नीट लावायला तू विसरली नव्हतीस, पत्ता तुझ्या तोंडून निसटला नव्हता, आणि त्या दिवशी ड्युटी बदलून घ्यायला हवी होती असं जे तू मला सारखं म्हणतेस, ते आता म्हणू नकोस. तुझ्याकडं आलेली माझी मुलगी तू सांभाळलीस. ती कुठं आहे आणि केव्हा एकटी असते, ते मी सांगितलं.

आधी अम्मीला फोन कर. आज दुकान तिनं लवकर बंद केलंय, फोन समोर ठेवून बसली असेल.

खाली 'तुझा काका' लिहायची इतक्या वर्षांची सवय आहे. आज नाही लिहीत. स्टँडवर कोणाची तक्रार, कोणाचा जबाब लिहून घेतला की शेवटी जे लिहायला लावायचो तेच लिहितो. वरील मजकूर मी कोणाच्याही दबावाशिवाय, शुद्धीवर असताना लिहिला आहे. मी तो पुन्हा वाचून पाहिला. यात काहीही बदलायचं नाही.

लिहून देणार,
देवमन ताथोड
मयत आचलचे वडील