तू चालवलेली उन्हावरची गाडी

आई, आज बाबांनी तुझा विषय काढला, म्हणून लिहायला बसले. एरवी ते तुझ्याबद्दल बोलत नाहीत. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांची जीभ जड झाली आहे, शब्द तोंडात घोळून बाहेर येतो, त्यामुळे लागेल तेवढंच बोलतात. काय म्हणाले ते सांगते, पण आधी गाडीचं सांगू दे. त्यांनी सांगितलं ते गाडीच्या त्या दिवसाचं आहे. तो दिवस तुझा तुला माहीत होता, माझा मला माहीत होता. त्यांचाही एक होता, हे आज कळलं.

नारपोलीची आपली ती खोली. खाली कापड विणायचे लूम, वर आपण. लूम चालू असले की मांडणीवरची भांडी बारीक थरथरायची आणि तू माझ्याशी बोलताना आपोआप आवाज चढवायचीस. शुक्रवारी लूम बंद असायचे, तेव्हा तोच आवाज खोलीत एवढा मोठा वाटायचा की तू स्वतःच दचकून हळू व्हायचीस. खिडकीखाली आजीची खाट. बाबांची आई मी शाळेत असताना पडली ती पुन्हा उठली नाही, आणि तेव्हापासून तुझा दिवस त्या खाटेला बांधला गेला. तिला कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं, आणि मधल्या वेळात तयार शर्टांचे लोंबते धागे कापत बसायचं. सकाळी आजीला राग यायचा, रात्री भीती वाटायची. दुपारी मात्र जेवल्यावर ती गाढ झोपायची. तेवढी दुपार तुझी. माहेरचं लग्न असो की मयत, तू त्या दुपारच्या वेळात बसेल तेवढंच जायचीस, बसत नसेल तर नाही. कोणी बोलवायला आलं की म्हणायचीस, "आजी झोपली हाय तोवर येते." पुढे पुढे लोकांनी बोलवणंच सोडलं.

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्टला आम्ही तिघं. मी, एक भंगारवाल्याचा मुलगा, आणि एक ज्याच्या मामाचा बंद पडलेला कारखाना आपल्याच गल्लीत होता. सरांना वाटलं होतं आम्ही बाकीच्यांसारखं पाण्याच्या टाकीचं सर्किट करू. आम्ही म्हटलं, उन्हावर चालणारी गाडी करतो. सर म्हणाले, "करा, पण चालली पाहिजे. नुसती उभी राहिली तर मी तुमच्या बाजूने बोलणार नाही." मामाच्या कारखान्यात लूमच्या जागा रिकाम्या होत्या, तिथे चौकोनी पाइप जोडून सांगाडा केला. सायकलची तीन चाकं, मोडक्या इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर, रिक्षाची सीट, ऑफिसांतून फेकलेल्या बॅटऱ्या, आणि डोक्यावर छप्पर म्हणून जुनी सोलर पॅनेलं. सगळं जमलं आणि गाडी हलेना. भंगारवाल्याचा मुलगा बसला की दोन हात पुढे जाऊन बंद. मामाचा भाचा बसला तरी तेच. मी बसले तर गल्लीच्या अर्ध्यापर्यंत. बॅटऱ्या म्हाताऱ्या होत्या, त्यांच्यात काही साठत नव्हतं. डोक्यावरचं ऊन जे देईल त्यावरच ती चालायची, आणि ऊन आमचं वजन ओढायला पुरत नव्हतं.

तू चहाची किटली घेऊन आली होतीस. अंगात तुझ्या काय होतं, हाडं आणि साडी. भंगारवाल्याचा मुलगा तुझ्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि म्हणतो, "चाची, आप बैठो ना एक बार."

"मी? मना काय येतंय?"

"कुछ नहीं आना मंगता. बस बैठो."

तू किटली खाली ठेवलीस, पदर खोचलास, निऱ्या चेनमध्ये जाऊ नयेत म्हणून पायांत घट्ट धरल्यास. चालवायची कशी हे तू विचारलं नाहीस. आधी विचारलंस, "थांबवायची कशी?" मी ब्रेक दाखवला. तो दोनदा दाबून पाहिलास, मग मूठ पिळलीस, आणि गाडी गेली. चालत्या माणसापेक्षा थोडी जास्त वेगात, कुरकुर करत, पण न थांबता. गल्लीच्या टोकाला तुला वळता आलं नाही, आम्ही पळत जाऊन तोंड फिरवून दिलं. परत येताना तुझा चेहरा छपराच्या सावलीत होता आणि तू हसत नव्हतीस. एवढं गंभीर मी तुला आजीच्या औषधाच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

मग ते ठरूनच गेलं. गाडी चालायला माथ्यावर ऊन लागायचं आणि तू सुटायला आजी झोपलेली लागायची, दोन्ही दुपारीच व्हायचं. दर शुक्रवारी, टेम्पो नसलेल्या गल्लीत, तू गाडी चालवायचीस आणि आम्ही बाजूने पळत मीटरचे आकडे बघायचो. गॅलऱ्यांतून बायका बघायच्या. तू वळायला शिकलीस. एका शुक्रवारी मला इतका आनंद झाला की रात्री जेवताना मी बाबांना सगळं सांगून टाकलं. ते घास चावत राहिले, मग एवढंच म्हणाले, "आणि तेवढ्यात माझ्या आईला तहान लागली म्हणजे?" नंतर मोरीत भांडी घासताना, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सगळं बोलून दाखवायचं नसतं. एखादी गोष्ट आपल्यापाशी राहू द्यायची." तू मला रागावून फार कमी वेळा बोललीस, म्हणून ते अजून लागतं.

परीक्षेच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. तू बसलीस, मूठ पिळलीस, गल्लीच्या टोकाला पोचलीस, आणि वळली नाहीस. आम्हाला वाटलं ब्रेक गेला. पळत टोकाला येईपर्यंत तू मोठ्या रस्त्याला लागली होतीस. रिक्षा, कंटेनर, आणि त्यांच्यामध्ये निळ्या पॅनेलांचं छप्पर हळूहळू लांब जाताना मला दिसतंय, आत्ताही. भंगारवाल्याच्या मुलाने कुणाची तरी बाइक मागून आणली. तोवर तू दिसेनाशी झाली होतीस. पुढे रस्ता फुटतो तिथे आधी चुकीच्या बाजूला शोधलं, मग टेमघरच्या बाजूला, मग गोदामांकडे. मामाचा भाचा सारखं म्हणत होता, "उद्या एक्स्टर्नल आहे, सर मारतील." मला परीक्षा आठवतही नव्हती.

तू गोदामांच्या रस्त्यावर सापडलीस. संध्याकाळ व्हायला आली होती, गोदामांच्या उंच भिंतींची सावली रस्त्यावर आडवी पडलेली, आणि त्या सावलीत शिरताच गाडी बंद पडली होती. तू सीटवरच बसलेली. आजूबाजूला दोन-चार ड्रायव्हर. एकाने तुला पाण्याची बाटली दिली होती, ती न उघडता मांडीवर. मी विचारलं, "कुठं चालली होतीस?"

"कुठं न्हाय. रस्ता सरळ होता, तर गेले."

"आणि आजी?"

"उठली असल," म्हणालीस, आणि खाली उतरलीस. परत येताना आम्ही गाडी ढकलत आणली. तू बसायला तयार झाली नाहीस, आमच्याबरोबर ढकलत राहिलीस.

घरी बाबा होते. शुक्रवारी लूम बंद म्हणून दुरुस्ती त्याच दिवशी निघायची, बाबांसारख्या लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरला शुक्रवारी तर अंधार पडेपर्यंत सुट्टी नसायची, तरी ते घरी होते. आजीची चादर बदललेली, लुगडं बदललेलं, ओलं सगळं धुऊन दोरीवर. बाबांनी हे काम कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजपासून गाडीबिडी बंद." तू पाय धुतलेस आणि पीठ मळायला बसलीस. मला वाटलं होतं तू भांडशील. मी तुझ्यावर रागावले, मग त्यांच्यावर, आणि त्यांच्यावरचा राग राहिला.

परीक्षेत मीच बसले. गाडी कॉलेजच्या आवाराच्या मध्यावर थांबली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "ही कधी पूर्ण चालली आहे का?" मी म्हटलं, "चालली आहे. माझ्या आईने चालवली, गोदामांपर्यंत." ते हसले. सर हसले नाहीत. त्यांनी चार्जिंगचं सर्किट उघडून दाखवलं, बराच वेळ बोलले, आणि आम्ही पास झालो. गाडी पुढे भंगारात गेली.

आणि मग तू आजीच्या आधी गेलीस. हे मला आजही नीट लिहिता येत नाही. कावीळ अंगावर काढलीस, दवाखान्यात नेईपर्यंत डोळे पिवळेजर्द. तिथल्या खाटेवरून सुद्धा विचारत होतीस, "आजीला कोन भरवतंय?" मी भरवत होते. कारखान्यात पाळी बदलताना लूम थांबवत नाहीत, एक माणूस बाजूला होतो आणि दुसरा त्याच्या जागी उभा राहतो. तसंच झालं. आजी गेली, मग काही वर्षांनी बाबा पडले. खोली बदलली, आता टेमघरला आहोत, लिफ्ट आहे, पण खाट खिडकीखालीच आहे. मी एका गोदामात बॅटरीवर चालणाऱ्या, माल वाहणाऱ्या गाड्यांच्या चार्जिंगचं काम बघते. शेजारच्या मावशी दिवसा बाबांजवळ बसतात. सुटले की सरळ घरी. गोदामातल्या मुली कुठे निघाल्या तर मला विचारत नाहीत आता.

आज सुट्टी, म्हणून दुपारी बाबांना मीच भरवत होते. बाहेर कुणाची तरी इलेक्ट्रिक रिक्षा उभी होती, तिचा रिव्हर्सचा आवाज येत होता. बाबा म्हणाले, "तिची गाडी." मला वाटलं भ्रमात बोलतायत. मग म्हणाले, "त्या दिवशी मी बघितली तिला. नाक्यावर चहा पीत होतो."

मी घास ताटात ठेवला. म्हटलं, "मग हाक का नाही मारली?"

"हात उचलला होता." तोंडातला घास गिळला. "मग म्हटलं, जाऊ दे. सुटली."

ते तिथूनच घरी गेले होते. आजीचं सगळं केलं. "तू एकटी परत आलीस तर तुला काय सांगायचं, त्याचा विचार करत बसलो होतो," म्हणाले. "तर ती आली."

"मग गाडी बंद का केलीत?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग आलं, तुटत तुटत. "एकदा जमलं जाऊ द्यायला. परत परत न्हाय जमलं असतं."

मी उरलेला भात भरवला, तोंड पुसलं, त्यांना कुशीवर वळवलं. ते झोपले. तेव्हापासून मी इथे बसले आहे. तू नाक्यावर त्यांना पाहिलं होतंस का? पाहिलं असशील तर तो उचललेला हात तुला कसा दिसला? थांब म्हणणारा की जा म्हणणारा? तू कधीच बोलली नाहीस, आपल्यापाशी ठेवलंस.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. आमचे ते सर आता नाशिककडे असतात, इलेक्ट्रिक गाड्या शिकवण्याचं केंद्र चालवतात. शिकवायला ये, राहायची सोय आहे, असं अधूनमधून फोन करून सांगतात, आणि मी बाबांचं कारण सांगून तिथल्या तिथे नाही म्हणते. परवा पुन्हा फोन आला. या वेळी मी विचार करून सांगते म्हटलं. बाबांना अजून काही बोललेले नाही. ते नको म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. आजच्या नंतर मला वाटतं ते जा म्हणतील, आणि म्हणूनच मी त्यांना विचारत नाहीये.