सेतू बंद करून दाखवला

७ जुलै, सोमवार
नव्या प्रोजेक्टचा श्रीगणेशा. देशभरच्या औषधविक्रेत्यांची बिलं तपासायची. त्यासाठी स्पार्क आणलंय; एकच अवाढव्य काम ते वीस मशीन्सवर वाटून देतं. बिलं वाचायचा भाग माझा, जावामध्ये. हिशेबाचा आकांक्षाचा, पायथॉनमध्ये. पायथॉन म्हणजे जिथे रिकाम्या जागेलाही अर्थ असतो अशी भाषा. असो. वैशाली मॅडम (बॉस, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, मी मनाला लावून घेत नाही) म्हणाल्या, ऑगस्टनंतर आम्हा दोघांपैकी एकालाच ठेवणार आहेत. आकांक्षाची काळजी वाटते. हुशार पोर होती.

११ जुलै, शुक्रवार
दोन भाषा म्हटल्या की दुभाषी आलाच. तो मी लिहिला. नाव 'सेतू'. प्रत्येक बिल जावातून सेतूवर, सेतूवरून पायथॉनकडे, आणि आल्या वाटेने परत. आता माझ्याशिवाय पान हलणार नाही. आकांक्षा म्हणाली, अहो काका, स्पार्कला दोन्ही भाषा येतात, मध्ये हे कशाला? 'काका'कडे दुर्लक्ष केलं. अज्ञानाकडेही.

१५ जुलै, मंगळवार
पहिली रन. सकाळी लावली, ऑफिस सुटलं तरी चालूच. आकांक्षा म्हणते, वीसच्या वीस मशीन्स तुमच्या सेतूपाशी रांगेत उभ्या आहेत. मॅडमना म्हणालो, रांग चांगल्या दुकानापुढेच लागते. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळले. भारावल्या असाव्यात.
संकल्प : पायथॉन शिकणे. उद्यापासून.

१६ जुलै
उद्यापासून.

२० जुलै, रविवार
पायथॉनचा व्हिडिओ लावला. शिकवणाऱ्याचे उच्चार सहन होईनात. सौ. म्हणाली, तुम्ही घोरत होतात, तो बिचारा एकटाच बोलत होता.

२८ जुलै, सोमवार
जय! रन चहा संपायच्या आत पूर्ण. शुक्रवारी सेतूतल्या काही व्हेरिएबल्सना मी सुसंस्कृत नावं दिली होती, त्याचा हा परिणाम. पूर्वी सेतूच्या मशीनचा पंखा घरघरायचा, आता श्वासही ऐकू येत नाही. कसलेला माणूस असाच काम करतो. आकांक्षाला म्हणालो, बघितलंस? ती म्हणाली, बरं झालं ना काका. मग मॅडमच्या केबिनमध्ये गेली. आतून हसण्याचा आवाज. वातावरण एकूण प्रसन्न.

४ ऑगस्ट, सोमवार
आकांक्षा रोज येऊन माझा जावाचा भाग समजावून घेते. लिहूनही घेते. हातचं राखून न ठेवता सगळं दिलं. जाणाऱ्या मुलीला शिदोरी द्यावी.

१० ऑगस्ट, रविवार
मंगळवारी क्लायंटसमोर डेमो. माझा बेत : ऐन रंगात सेतू बंद करायचा. सगळं ठप्प. सगळे माझ्याकडे बघतील. मी सावकाश पाणी पिणार, मग सेतू सुरू करणार. त्यानंतर कोणाला ठेवायचं हा प्रश्नच उरत नाही. सौ. म्हणाली, आणि नाही थांबलं तर? हिने जन्मात कधी सर्व्हर पाहिलेला नाही. फणसवाडीतल्या इस्त्रीवाल्याकडे शर्ट टाकला.

१२ ऑगस्ट, मंगळवार
सेतू बंद केला. पाणी प्यायलो. पडद्यावर आकडे सरकतच होते. नीट बंद झाला नसेल म्हणून मशीनची वायरच काढली. आकडे सरकत होते. आणखी पाणी प्यायलो. आकांक्षा कानाशी येऊन म्हणाली, काका, तो आम्ही जुलैतच मधून काढला. मेल केला होता तुम्हाला. वायर लावा परत, लोक बघतायत.
क्लायंट मात्र खूश. त्यांना वाटलं, मुद्दामच दाखवलं. म्हणाले, वा, एखादा भाग गेला तरी तुमचं काम अडत नाही.
संध्याकाळी मॅडमनी केबिनमध्ये बोलावून तेच वाक्य मला पुन्हा ऐकवलं. दार लावून.