गुरवन चुलूतच्या विहिरीची माणसं

जिल्ह्याचं गाव,
९ सप्टेंबर २००७

ती. आत्यास,

उयांगाचा सा. न. पत्र ट्रकवाल्या गांबोल्दच्या हाती देते आहे. सोबत साखर आणि तुझ्या गुडघ्यासाठी मलम आहे. मागच्या खेपेचं तू घोड्याला लावलंस असं तो सांगत होता.

मला नोकरी लागली! तुझ्या गेरच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावरची, बारा वर्षं बंद पडलेली गुरवन चुलूतची विहीर दुरुस्त होणार आहे. नवा पंप, जनावरांना लांबलचक हौद. बांधकाम दुसरे करतील. माझं काम म्हणजे त्या पाण्याशी कोणाकोणाचा संबंध येतो, कोणाचा फायदा, कोणाचा तोटा, हे शोधायचं, त्यांची यादी करायची आणि सगळ्यांशी बोलून घ्यायचं. हसू नकोस, याला शिक्षण लागतं.

शाळेतल्या सभेत एकतीस कुटुंबांची नावं लिहून झाली. वस्तीप्रमुख त्सेरेन्दोर्ज यांनी सात जणांची समितीही निवडून टाकली. विहिरीभोवती कुंपण होईल, जुनी उथळ विहीरही त्यात येईल, दाराला कुलूप आणि पाणी फक्त यादीतल्यांना. सगळे हात वर झाले. मागच्या रांगेत तुझाही दिसला, बरं वाटलं. महिनाअखेर कागद तयार झाले की आमचे चिमेदओसोर साहेब ते राजधानीला पाठवतील.

थंडीला जप. तुझ्या मनातली माझी जागा आहे तशीच राहू दे.

तुझी,
उयांगा

---

गुरवन चुलूत,
२० सप्टेंबर

चि. उयांगास,

आत्याचे अ. आ. साखर पोचली. मलम घोड्यालाच लावलं. घोडा बरा झाला.

नोकरीचं ऐकून आनंद झाला. तुझा बाप असता तर दोन दिवस घोड्यावरून गावभर सांगत फिरला असता. पण पोरी, तुझी सभा म्हणजे ज्यांच्याकडे मोटरसायकल आहे त्यांची सभा. समितीतल्या सात बाप्यांपैकी एकाने तरी कधी पाणी शेंदलंय का, ते विचार. डबे वाहून बायकांच्या पाठी वाकल्या आणि हौद केवढा उंच असावा हे सांगणार त्सेरेन्दोर्ज, ज्याला स्वतःच्या शेळ्या ओळखता येत नाहीत. चार दिवस ये, जुन्या विहिरीवर बायकांबरोबर बस. तुझ्या शिक्षणाला जरा पाणी लागेल.

बाकी फार खोलात शिरू नकोस. यादी झाली ती चांगली झाली. कागद लवकर पाठवून मोकळी हो.

जेवत जा वेळेवर. म्हातारीची आठवण ठेव.

तुझी आत्या,
दुलामसुरेन

---

जिल्ह्याचं गाव,
३ ऑक्टोबर

ती. आत्यास,

सा. न. तुझ्याकडून परतले, हाताचे फोड अजून भरले नाहीत. तू म्हणालीस ते खरं निघालं. नकाशातला हौद इतका उंच होता की कोकरांची तोंडं पोचलीच नसती. तो आता उतरवला आहे.

पण दुसरी गोष्ट तुझ्या गेरमध्ये बसून विचारायला धीर झाला नाही, म्हणून लिहिते. तिसऱ्या दिवशी एक धाकटी सून डबा भरता भरता बोलून गेली, की दक्षिणेकडचे आले की आपला नंबर दुपारनंतर लागतो. बाकीच्यांनी तिला डोळ्यांनी दटावलं. मग हळूहळू कळलं. डोंगरापलीकडच्या तालुक्यातली अकरा कुटुंबं वाईट हिवाळ्यात कळप घेऊन इकडे उतरतात, कारण आपल्या खोऱ्यात बर्फ कमी साठतो. त्यांचा तालुका दुसरा, म्हणून ती माझ्या यादीत नाहीत. उद्या ती हजारो तहानलेली जनावरं घेऊन आली आणि समोर कुलूप दिसलं, तर काय होईल? त्सेरेन्दोर्जना विचारलं तर ते म्हणाले, कुंपण घालतोय ते त्यासाठीच.

तू तिथे तीस वर्षं राहतेस. मला हौदाची उंची सांगितलीस, मग हे का नाही सांगितलंस?

रागाने विचारत नाही. पण उत्तर हवं आहे. माया पातळ करू नकोस.

उयांगा

---

गुरवन चुलूत,
१२ ऑक्टोबर

चि. उयांगास,

अ. आ. पत्र गांबोल्दकडून दोनदा वाचून घेतलं. चष्म्याचं निमित्त केलं, पण एकटीने वाचायचा धीर नव्हता.

त्या लोकांत पाग्मा नावाची बाई आहे. लग्नाआधीपासूनची माझी मैत्रीण. एका उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याचा थेंब नव्हता, तेव्हा माझा सगळा कळप तिने तीन महिने आपल्या कुरणात ठेवून घेतला, एका शब्दाने उपकार दाखवले नाहीत. पुढे तो झुदचा हिवाळा आला. गवत बर्फाखाली गोठलं आणि जनावरं उभ्या उभ्या मरायला लागली. ती माणसं इकडे आली. एका सकाळी पाग्माच्या गुरांनी माझी गवताची गंजी खाऊन संपवली. माझी चाळीस मेंढरं मेली. मी तिला विहिरीवर, सगळ्यांच्या देखत चोर म्हणाले. तिचीही जनावरं मरतच होती. उपाशी गुरांना कोण आवरणार? हे मला तेव्हाही कळत होतं. सात वर्षं झाली, आम्ही बोललो नाही.

कुंपणासाठी हात वर केला तो म्हणून. ती परत दिसायला नको, एवढंच मनात होतं. तुला खोलात शिरू नको म्हणाले ते म्हणूनच.

आता सांगते. दक्षिणेला खिंड ओलांडलीस की लाल कड्याखाली त्यांचा हिवाळी तळ आहे. गेल्या गेल्या कागद काढू नकोस. दिलेला चहा पी, जनावरं कशी आहेत ते विचार. आणि मी पाठवलं असं सांगू नकोस. यंदा उंदरांनी बिळं खोल खणली आहेत, हिवाळा कडक जाणार. उशीर करू नकोस.

म्हातारीला मनातून उतरवू नकोस.

तुझी आत्या

---

राजधानी,
१९ नोव्हेंबर

ती. आत्यास,

सा. न. कागदांच्या उशिराचं कारण सांगायला मला इथे बोलावलं आहे. विहिरीवरच्या सभेच्या दिवशी जे तुला सांगायचं राहिलं ते इथून लिहिते.

लाल कड्याखाली पोचले तेव्हा पाग्माबाईंनी आधी माझं तोंड निरखलं आणि विचारलं, कोणाची तू? मी तुझं नाव सांगितलं. खोटं बोलवेना. त्या बराच वेळ चूल सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिने पाठवलं, की आपली आपण आलीस?" मी म्हटलं, वाट तिने सांगितली, यायचं मी ठरवलं. त्यावर त्यांनी चहा ओतला. मग अकरा कुटुंबांची नावं, कोणाची किती जनावरं, कोण कोणत्या वाटेने येतं, सगळं बोटांवर मोजून सांगितलं.

चिमेदओसोर साहेब म्हणाले, दुसऱ्या तालुक्याची माणसं आपल्या प्रकल्पात बसत नाहीत. मी म्हटलं, पाणी पितात ती बसतात, आणि या यादीवर मी सही करणार नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, एकच सभा, तीही विहिरीवर. नोकरी गेली असं धरूनच मी तिथे आले होते.

सभेत त्सेरेन्दोर्ज बोलत होते आणि दक्षिणेची दोन माणसं खाली मान घालून बसली होती. तू उठलीस आणि म्हणालीस, "कुंपण मलाही हवं होतं. जनावरांसाठी नाही, माझ्या भांडणासाठी. आणि कोणाला असं कारण असेल तर त्यानेही सांगावं." आत्या, तेव्हा कोणी कोणाकडे बघेना. त्यानंतरच खरं बोलणं सुरू झालं. वाईट हिवाळ्यात आपली जनावरं सकाळी, त्यांची दुपारी, आणि आपल्याकडे दुष्काळ पडला की त्यांची कुरणं आपल्याला मोकळी. कुलूप रद्द. समितीत दोन बायका, दोन दक्षिणेचे.

वाईट बातमीही लिहिते. कागद बदलले म्हणून पंप यंदा नाही, पुढच्या उन्हाळ्यात येईल. त्सेरेन्दोर्ज समितीतून बाहेर पडले आणि तुला नावं ठेवत फिरत आहेत. यंदा तुम्हाला पुन्हा हातानेच शेंदावं लागेल, त्याला मी कारण. नोकरी मात्र राहिली.

तुझा मला अभिमान वाटतो. लहान तोंडी मोठा घास झाला, पण पोटात घाल आणि प्रेम ठेव.

उयांगा

---

गुरवन चुलूत,
१४ जानेवारी २००८

चि. उयांगास,

अ. आ. थंडी अशी आहे की गुरांच्या मिशांना बर्फाच्या काड्या लोंबतात. माझ्या अकरा शेळ्या गेल्या. बाकीच्या तगल्या आहेत. शेंदण्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. बायका तुला शिव्या देतात, पण हसत. त्सेरेन्दोर्जची सून पाण्याला येते आणि सासऱ्याचे निरोप पोचवायचे विसरते.

दक्षिणेची माणसं डिसेंबरच्या शेवटी उतरली. अकरातली नऊ कुटुंबं, दोन पूर्वेकडे वळली. दुपारपर्यंत कळप लांब थांबवून ठेवतात, आपली मेंढरं निघाली की मग आणतात. पहिल्याच दिवशी एकदा आरडाओरडा झाला. समितीतल्या बायकांनी तो मिटवला.

पाग्मा पंधरा दिवस माझ्याकडे फिरकली नाही. मीही गेले नाही. काल दुपारी दारातला नमद्याचा पडदा बाजूला सारून आत आली आणि पाहुण्याच्या जागी बसली. मी चहा दिला. जुनं काही काढावं की नाही, मला सुचेना. तिने वाटी अर्धी संपवली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

सात वर्षांनी पहिलं बोलली ती हे. मी चिमूटभर मीठ घातलं आणि तिची वाटी पुन्हा भरली.

संध्याकाळी तिचा मुलगा घोडा घेऊन आला, तोवर आम्ही बसलो होतो.

उन्हाळ्यात पंपाबरोबर तूही ये. तोवर या म्हातारीवर जीव असू दे.

तुझी आत्या,
दुलामसुरेन