चौथ्या खाटेची शाळा

उणकल, कार्तिक वद्य पंचमी, शके १८४६

प्रिय इंदू,

तुझं पत्र तुझ्या शेषगिरीकाकानं आणून दिलं. दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय. इथल्या वर्गात नर्स शिकायला यायचंय, अप्पा नको म्हणतो, आजी, तू काय म्हणतेस, असं विचारलंस. सांगते. पण मी दोन बुकं शिकलेली, सरळ लिहायला घेतलं की आडवाटेला जाते. तेव्हा माझ्या मागून ये.

जुन्या हुबळीत उंदीर पडायला लागले आणि आमची अख्खी गल्ली इथं तळ्याकाठी झोपड्यांत आली. शेजारच्या गोदावरीनं तर उखळसुद्धा आणलं, आता ते परत कोण नेणार म्हणून रडते. झोपड्यांपलीकडे प्लेगच्या रोग्यांचं पत्र्याचं शेड. माणसं अपुरी, म्हणून मोठ्या डॉक्टरीणबाईंनी डॉक्टरी शिकणारी, नर्स होणारी आणि कंपौंडरीची पोरं एकाच वर्गात घातली. वर्ग कसला, दोन खाटांमधली वाट! तुझ्या अप्पाला, आमच्या वकीलसाहेबांना, हेच टोचतंय ना, की आपली मुलगी कुणाकुणाला शिवणार?

त्यात एक प्रभंजन, धारवाडच्या मास्तरांचा, डॉक्टर होणार. शेवंता अळणावरकडची, बाप लाकडं तोडतो, ती नर्स. आणि बाबाजी औषधं कालवतो. पहिल्याच दिवशी बाईंनी प्रभंजनला रोग्याचं भांडं उचलायला सांगितलं. हे माझं काम नव्हे, म्हणाला. बाई म्हणाल्या, अर्धा रोग त्यातच दिसतो, बघायचं कसं ते शेवंता शिकवील. गेला बापडा, कडुलिंबाखाली ओकला, तोंड धुऊन परत आला. शेवंता म्हणते, डॉक्टर, आज भात कमी टाकू का? मग बाईंनी तिलाही सोडलं नाही. नाडी मोजायला बसवलं आणि प्रभंजनला म्हणाल्या, आता तू शिकव, आणि हसू नकोस. बाबाजीला पेज करायला लावली. तिचा खरवस झाला होता म्हणे, सुरीनं कापावी लागली.

चौथ्या खाटेवर एक म्हातारी होती, मोठी तोंडाळ. एके सकाळी प्रभंजननं तिला छातीचे थेंब दिले आणि गेला, कुणाला बोलला नाही. घटकाभरानं शेवंता तेच थेंब घेऊन आली. म्हातारीनं दात आवळले. शेवंता म्हणते, अव्वा, तोंड उघडा. बाबाजी म्हणतो, मीच कालवलेत, घ्या. म्हातारी कडाडली, अरे, तुमच्या घरी तीन सुना आमटीत तीनदा मीठ घालतात काय? आमच्या घरी मीठ घालणारीनं झाकणावर कढीलिंबाचं पान ठेवायचं, म्हणजे दुसरीचा हात आपसूक थांबतो. एवढी शिकता, आणि एकमेकांशी बोलत नाही? बाई दारातच उभ्या होत्या. तिघांचे चेहरे उतरले. त्या दिवसापासून औषध देणारानं खाटेच्या पायावर खडूची रेघ ओढायची, आणि सकाळी तिघांनी खाटेशी उभं राहून आपापलं काम मोठ्यानं सांगायचं, असा नेमच झाला. प्रभंजन आता शेवंताला विचारल्याशिवाय काही लिहीत नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आता तू विचारशील, आजी झोपडीत होती, मग हे सगळं तिनं पाहिलं कुठून? इंदू, ती म्हातारी मीच. काखेत गाठ आली तेव्हा शेषगिरीला शपथ घातली होती, तुम्हांला बेळगावला कळवायचं नाही. बारा दिवस शेवंतानं मला धुतलं, पुसलं, पाणी पाजलं. माझं सोवळं तेव्हा कुठल्या खुंटीवर होतं, मला आठवत नाही. भीती खोटी आहे असं म्हणत नाही. आमच्या ओळीतल्या सात खाटांवरून दोघीच चालत बाहेर आलो. म्हणूनच तू यायला हवीस. काल अर्जावर तुझी पालक म्हणून मी सही केली, बरीच शाई सांडून. अप्पाला वेगळं पत्र घातलंय, की अरे, तुझी ही म्हातारी आई कुणाच्या हातानं जगली ते आधी ऐक, मग नाही म्हण. ओरडेल. ओरडू दे, होगली बिडु, गेलं उडत! तू आधी प्लेगची लस टोचून घे, दंड दोन दिवस सुजेल. सोमवारच्या गाडीनं नीघ. शेषगिरी म्हणतो, तू घरी पड, मी जातो. पण बैलगाडी मी सांगून ठेवलीय. स्टेशनावर मीच येणार.

तुझीच, आणि आता तुझी पालक,
अंबू आजी